खिळे मारलेली खिडकी

"तुम्हां लोकांना वासाचा त्रास कधीपासून व्हायला लागला रे?"

साहेब असं म्हणाले आणि बी.एस्सी.ची अख्खी बॅच हसली. परीक्षानळ्या हातात धरून हसली. एका पोरीच्या हातातली नळी हिंदकळली, तर साहेब तिला म्हणाले, "सांभाळ बेटा, अॅसिड आहे." मला काही म्हणाले नाहीत. मला म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

मीही हसलो. चांगले दात बाहेर काढून हसलो. साहेबांनी विनोद केला की अटेंडंटनं हसायचं, हे नोकरीच्या ऑर्डरीत लिहिलेलं नसतं. पण असतं.

मी मागितलं होतं ते फार नव्हतं. मी म्हटलं होतं, "साहेब, गॅसखोलीची खिडकी उघडून द्या. घेरी येते."

ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या विभागात मी प्रयोगशाळा परिचर होतो, आणि साहेब विभागप्रमुख. परिचर हा शब्द कागदावर. बाकी "ए". घरी मी पोरांना ही गोष्ट सांगतो तेव्हा माझ्या नाकापासून सुरुवात करतो, कारण नाकानं हशा हमखास मिळतो. आमचं नाक घराण्यातलं आहे. आज्याचं तेच, बापाचं तेच, माझं तेच. माय म्हणायची, "आंधी नाक आलं, मंग तू आला." छप्पन साली बापाचा हात धरून मी दीक्षाभूमीवर गेलो, तेव्हा एवढ्या गर्दीत हरवलो तरी नाकावरून सापडशील, असं बाप म्हणाला होता. त्या दिवशी बापानं सगळं सोडलं. देव सोडले, जुनी कामं सोडली. नाक तेवढं राहिलं.

आता गॅसखोलीचं सांगतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा एक वायू असतो. क्षारांच्या परीक्षेला तो लागतोच लागतो. काचेचे फुगे एकावर एक ठेवल्यासारखं एक यंत्र असतं, त्यात खडे टाकायचे, वरून अॅसिड सोडायचं, की तोटीतून वायू निघतो. पोरं नळी घेऊन यायची, आम्ही वायू सोडून द्यायचो, पोरं नाक दाबून पळायची. आम्ही तिथंच.

हे यंत्र असं उघड्यावर ठेवायचंच नसतं. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत एक कपाट होतं. सरकत्या काचांचं, वर पंखा, पंख्यावर थेट गच्चीपर्यंत गेलेलं धुराडं. कपाटात वायू सोडा, पंखा तो वर ओढून नेतो. इंग्रजांच्या काळातलं, सागवानी, दणकट. मग कधीतरी पंखा बिघडला. दुरुस्तीला माणूस आला नाही. रिकामं कपाट पाहून कोणाच्या तरी मनात आलं, की हे देवासाठी बरं आहे.

कारण विभागात खंडेनवमीला उपकरणांची पूजा व्हायची. तराजूला हळदकुंकू, बर्नरला फूल, मोठ्या सूक्ष्मदर्शकाला हार. पूजेची समई, ताम्हण, घंटा, देवाची तसबीर, चौरंग, हे सगळं वर्षभर ठेवायचं कुठं? कोणाचा हात लागणार नाही असं ठिकाण पाहिजे. काचेचं दार, आत धूळ नाही. देव गेले कपाटात. आणि वायू आला गॅसखोलीत. गॅसखोली म्हणजे पूर्वीची बाटल्या धुवायची खोली, व्हरांड्याच्या टोकाला. म्हणजे माझी.

कपाटाला हात लावायचा नाही, असं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. "तुला नाही, सगळ्यांनाच," असं म्हणाले. सगळ्यांत दौलतकाका नव्हता. तो दर शनिवारी समई घासायचा. साहेबांचे चिनी मातीचे कपसुद्धा त्याच कपाटात, खालच्या फळीवर. दौलतकाकाला चहा स्टीलच्या पेल्यात. मला टवका उडालेल्या बीकरमध्ये. मी घरी सांगायचो, "आमच्याकडे चहासुद्धा मोजून पितात, बीकरवर रेघा असतात." बायको हसायची. मग हसणं थांबवून भांडी घासायला घ्यायची.

दौलतकाका माझ्याहून जुना अटेंडंट. सावनेरकडच्या एका खेड्यातला कुणबी, हिस्स्याची जमीन भावाच्या हवाली करून शहरात आलेला. सुरुवातीला माझ्या हातचं पाणी घेत नव्हता. गॅसखोलीनं आम्हा दोघांची जात एक करून टाकली, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. झालं ते एवढंच, की एका उन्हाळ्यात त्याला घेरी आली, तो भिंतीला टेकून खाली बसला, आणि पाणी द्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. प्यायला. तेव्हापासून घ्यायला लागला. गावी मात्र सांगितलं नसावं.

खिडकी आधी उघडी असायची. त्या खोलीला एकच खिडकी, ती व्हरांड्यात उघडायची, आणि व्हरांड्याच्या वळणावर साहेबांचं दालन. वारा फिरला की वास साहेबांच्या टेबलावर. एका सकाळी सुतार आला. चौकटीत लांब खिळे ठोकून गेला. साहेब स्वतः उभे राहून बघत होते. त्यानंतर वास साहेबांकडे गेला नाही. आमच्याकडेच मुक्कामाला राहिला.

काकाला एकदा राहवलं नाही. म्हणाला, "उपटून टाकू का गा हे खिळे?"

मी म्हटलं, "टाक न. मी धरतो तुले."

"मले काहून धरतं? साहेबाले धर."

आम्ही दोघं दालनाकडे पाहून हसलो. खिळे जागेवर.

तोंडी सांगायचं ते सांगून झालं होतं. आधी शिकवणाऱ्या तरुण सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बघतो." मग साहेबांना काकानं सांगितलं. साहेब म्हणाले, "वास येतोय ना? मग जिवंत आहेस." मग मी सांगितलं. मला काय मिळालं ते पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

त्या हसण्याचं पुढं काय झालं, तर काही नाही झालं. संध्याकाळी सायकलवरून घरी आलो, जेवलो, पोरीला खांद्यावर घेतलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अंडं झाले." मी अंड्यासारखं गोल होऊन दाखवलं. घर हसलं. माणूस किती गोष्टी हसण्यावारी नेऊ शकतो, त्याला सीमा नाही. मी त्यात पटाईत.

मग एप्रिल आला. प्रात्यक्षिक परीक्षा. नागपूरचा एप्रिल म्हणजे पत्रा तापतो तसं डोकं तापतं. एकामागून एक बॅच, सकाळपासून वायू चालू. पोरं परीक्षेच्या भीतीनं तोटी अर्धवट बंद करून पळायची. दुपारी माझे डोळे असे चुरचुरले, की काका म्हणाला, "तू जाय बाहेर. नळावर तोंड धू. मी पाह्यतो."

मी दारात पोचलो तेव्हा तो मागून बोलला. चेहऱ्यावर समाधान होतं. ते मला अजून दिसतं.

"आज वास नाही येऊन राहिला गा. बरं वाटून राहिलं."

मलाही येत नव्हता. मला वाटलं, यंत्रातले खडे संपले असतील. बरंच झालं, असं वाटलं.

नळावरून परत येत होतो तर आतून काच फुटल्याचा आवाज. काका पालथा पडलेला, एक हात यंत्राच्या टेबलाकडे. मी त्याचे पाय धरून ओढलं. वास काहीच नाही. खोलीत नुसती हवा असावी तसं. उंबऱ्यावर मी पडलो. तो अर्धा आत, मी अर्धा बाहेर. परीक्षेला आलेल्या पोरांनी आम्हा दोघांना बाहेर ओढलं.

साहेबांची गाडी कडुनिंबाखाली उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबाले विचारा लागते." साहेब परीक्षकांबरोबर जेवत होते. एक पोरगा विचारायला धावला. मी थांबलो नाही. सायकलरिक्षा केली. काकाचं डोकं माझ्या मांडीवर. उन्हात रस्ता वितळत होता आणि रिक्षावाला उभा राहून पायडल मारत होता. मी काकाला बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवत नाही. गमतीचंच काहीतरी बोलत असणार. मला दुसरं येतं काय?

सरकारी दवाखान्यात एक नवखी डॉक्टरीण होती. तिनं काकाचे डोळे उघडून पाहिले, छातीला कान लावला, आणि हात खाली ठेवला. मग मला तपासलं. विचारलं, "वास येत होता का तिथं?"

"रोज येते. आज नाही आला."

ती हळू म्हणाली, "हा वायू जास्त झाला की आधी नाक मारतो. वास बंद झाला म्हणजे वायू गेला असं नसतं. तेव्हा तर पळायचं असतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात होतं म्हणे. पुस्तकं वरच्या मजल्यावर होती.

काकाला त्याच्या गावी नेलं. मातीला मी जाऊन आलो. चारच दिवस झाले असतील, तर काकू, त्याची बायको, शांताला घेऊन आमच्या घरी आली. शांता त्यांची एकुलती पोरगी. तिची बोलणी चालली होती, हे मला काकाकडूनच माहीत होतं. काकू पहिल्यांदाच आमच्या वस्तीत येत होती. दारात उभी राहिली. बायको म्हणाली, "या न आत." तरी उभीच.

म्हणाली, "साहेबानं सांगून पाठवलं, दौलतले मिरगी होती म्हणून. तेच लिवणार हायेत. तुमीच सांगा गा, होती का त्याले मिरगी?"

"नाही काकू."

"मंग काहून लिवते? लोकं काय म्हणतीन? मिरगीवाल्याची पोरगी कोण करंल? बाप गेला तं गेला, पोरीले पण घेऊन चालला का?"

शांता खाली बघत होती. पायाच्या अंगठ्यानं आमच्या अंगणातली माती उकरत होती.

"तू होता न तिथं?" काकू म्हणाली. तुमीवरून तूवर आली होती. "तूच सांग मंग."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दालनात बोलावलं. दार लावलं. "बस," म्हणाले. त्या खुर्चीवर मी फडका मारला होता, बसलो कधी नव्हतो. टेकल्यासारखा बसलो, म्हणजे उठवलंच तर लवकर उठता यावं. साहेबांनी शिपायाला हाक मारली. चहा आला. बीकर नव्हता. कपाटातला कप, बशीसकट.

"वेलची घालायला सांगितली आहे," साहेब म्हणाले. "घे. हे बघ, विद्यापीठाच्या कचेरीतून अधिकारी येणार आहेत. तू एकटाच साक्षीदार. दौलतला मिरगी यायची, तू आधीही पाहिलं होतंस. इतकंच सांगायचं. विभागाचं नाव आहे, तुझीही नोकरी आहे."

मी कप उचलला. माझं हे एवढं मोठं नाक कपात बुडेल इतकं जवळ नेलं. वाफ लागली. गरम लागली.

वास आला नाही.

वेलचीचा नाही, चहाचा नाही. मी पुन्हा ओढून घेतला. काही नाही. घरी चार दिवस बायको विचारत होती, फोडणी जळली तरी कसं कळत नाही तुम्हाले. मला वाटलं, दुःखानं जेवणात लक्ष नाही. तिथं त्या खुर्चीवर कळलं. बापानं सगळं सोडलं तेव्हा जे एक राहिलं होतं, ते या लोकांनी घेतलं होतं. आणि वर त्याच्यात वेलची घालून मला प्यायला देत होते.

आणि आणखी एक कळलं. भर वर्गात त्यांनी मला ते विचारलं आणि मी हसलो, तेव्हाही मला वास आला नव्हता. नाक तर धडधाकट होतं. टवका उडालेल्या त्या बीकरमध्ये चहा प्यायलो तेव्हा आला नव्हता. मी तिथंही म्हणत होतो, बरं वाटून राहिलं.

मी कप बशीत ठेवला. भरलेला.

"चहा पी ना," साहेब म्हणाले.

"नको साहेब. मी कचेरीच्या साहेबांपुढंच सांगतो."

"काय सांगशील?"

"पाह्यलं ते."

अधिकारी आले त्या दिवशी प्रयोगशाळा धुऊन काढली होती. सकाळीच वास्तुशांत करून घेतली होती. गुरुजी आले होते, वास्तूत दोष होता म्हणे, तो काढला. मी व्हरांड्यात. धूप दारातून बाहेर येताना दिसत होता, वास नव्हता. आणि गॅसखोलीची खिडकी सताड उघडी. खिळे उपटून, भोकांत लांबी भरून, वर रंग मारलेला. यंत्र तिथंच, पुसून लख्ख.

अधिकारी खिडकीशी उभे राहून म्हणाले, "हवा तर छान खेळते इथं."

साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "सांग रे, दौलतला काय होतं ते."

मी म्हटलं, "काकाला मिरगी नव्हती. खिडकी बंद होती. खिळे मारून बंद. ती आत्ता उघडली, रंगाला हात लावून बघा, ओला असंल."

"हा वेडा झाला आहे त्या दिवसापासून," साहेब म्हणाले. "वायूनं डोक्यावर परिणाम—"

"वायूनं?" अधिकारी म्हणाले.

मी चालायला लागलो. मोठ्या प्रयोगशाळेत गेलो, सरळ त्या कपाटापाशी. सगळे मागे आले. मी काच वर सरकवली. मला वाटलं होतं जड असेल. सकाळीच सगळं तेलपाणी झालं होतं, एका बोटानं वर गेली.

"ए! हात लावू नको!" साहेब ओरडले. गुरुजींसाठी थांबलेले एक सरही ओरडले.

मी समई बाहेर काढली. फरशीवर ठेवली. ताम्हण काढलं. घंटा काढली, ती वाजली. मला वाटतं त्या विभागात तेवढी मोठ्यानं ती कधी वाजली नसेल. तसबीर काढली. ती मी सांभाळून ठेवली. माझं तिच्याशी भांडण नव्हतं. मग कप काढले. मग आत वाकून वरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. पंख्याच्या पात्यांत चिमणीचं घरटं होतं.

"साहेब," मी अधिकाऱ्यांना म्हटलं, "हे कपाट वायूचं आहे. इथं देव ठेवले. आणि वायू आमच्याकडे ठेवला. दौलतकाका तिथं मेला. मी खिडकी मागितली होती. काय मिळालं ते यांच्या तोंडून ऐका."

साहेबांनी सांगितलं नाही. मीच सांगितलं. शब्द न् शब्द. यावेळी कोणी हसलं नाही. मी पण नाही.

पुढं काय झालं? फार नाही झालं. मिरगी लिहिली गेली नाही. "अपघाती मृत्यू" असं लिहिलं गेलं. का झाला, कोणामुळं झाला, ते लिहिलं नाही. साहेबांना काही झालं नाही, ते मानानं निवृत्त झाले. माझी बदली मैदानावर झाली. खेळाच्या दिवसांत चुन्याच्या रेघा मारायच्या. मी घरी म्हणालो, "बघा, शेवटी विद्यापीठानं मला रेघ ओढायचं काम दिलं." हसले सगळे.

शांताचं लग्न झालं. मला बोलावणं आलं, मी गेलो. पंगतीत माझं पान भाऊबंदांनी बाजूला मांडलं, भिंतीकडे. आधीचा मी असतो तर तिथं बसून काहीतरी मजेशीर बोललो असतो. मी पानावर बसलोच नाही. काकूला नमस्कार केला. ती माझ्या मागं फाटकापर्यंत आली, पदरानं तोंड दाबून. मी सांगितलं, "काकू, तुमच्यावर राग नाही. पण तिथं नाही बसणार." आणि सायकलला पाय मारला.

आता एवढी वर्षं झाली. माझं नाक अजून तसंच आहे, शोभेचं. दूध नासलं तर मला कळत नाही. दाळ करपली तर सगळं घर नाक धरतं आणि मी वाढून घेतो. पोरांना त्यात मजा वाटते. मला हसू येतं, मी हसतो. हसणं काही मी सोडलेलं नाही. कुठं हसायचं ते निवडतो.

काल संध्याकाळी माझी पोरगी, तीच जी मला अंडं म्हणायची, कॉलेजातून आली. बी.एस्सी.ला आहे. ओढणी खुंटीला टांगली. बायको म्हणाली, "काहून वं, काय वास येऊन राहिला हा तुह्या कपड्याले?"

पोरगी म्हणाली, "लॅबचा आहे आई. पंखा बंद आहे आमचा. सर म्हणतात, सवय होऊन जाईल, मग वास येतच नाही."

मी भाकरी मोडत होतो. ती ताटात ठेवली.

आज सकाळी तिच्याबरोबर निघालो आहे. ती म्हणते, "बाबा, तुम्ही तिथं गंमत करू नका हं." नाही करणार. सरांच्या दारात उभा राहीन. पंखा चालू करा म्हणेन, खिडकी उघडा म्हणेन. बघतो म्हणाले तर उद्या येईन, आणि एकटा नाही येणार, प्रत्येक पोराचा बाप उठवून आणीन. खिडकीला खिळे असले तर विचारायला दालनात जाणार नाही. खिळे उपटायचा जंबूर पिशवीत घेतला आहे.

सवय होऊ देणार नाही.